नळातला विटाळ

पाणी भरायची तांब्याची हंडी हातोड्याने ठोकून सपाट करणारा आणि अंगणात खड्डा खणून ती पुरून टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हंडी धड होती, कुठे गळत नव्हती. लढाई नुकती कुठे संपली होती, तांब्याचं भांडं बाजारात मिळता मिळत नव्हतं, आणि हा गृहस्थ भर उन्हात बसून ते ठोकत होता. सांगलीतल्या आमच्या त्या बिल्डिंगीतल्या सगळ्यांनी त्याच दिवशी त्यांना वेड्यात काढलं. त्यात मीही होतो. आज ते आठवलं की माझं डोकं तापतं, आणि हे लिहायला बसलो आहे तेही तापलेल्या डोक्यानेच.

त्यांना आम्ही नुसतं वायरमन म्हणायचो. मूळचे माणदेशातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. लढाईत पलटणीबरोबर मिसरला, म्हणजे इजिप्तला गेले, तिथे विजेचं काम शिकले, आणि परत आल्यावर मेंढरांकडे न जाता सांगलीला आले. आमच्या घरमालकांच्या अंगणात पूर्वी कडबा ठेवायची एक खोली होती, ती त्यांनी भाड्याने घेतली. वर माडीवर मालक, हळदीचे व्यापारी. खाली आम्ही: आई, दादा, वहिनी आणि मी. दादा कोर्टात कारकून होता. मी शाळेत शास्त्र शिकवायचो. शास्त्र म्हटलं की त्यात वीजही आली, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते मला लपवावंसं वाटेल.

वायरमन धोतरावर पलटणीचे बूट घालायचे. पण बिल्डिंगीत हसू व्हायचं ते त्यांच्या हाताचं. कुठल्याही धातूच्या वस्तूला ते आधी उलटा हात लावायचे, म्हणजे तळव्याची मागची बाजू. फाटकाची कडी, सायकलचं हँडल, हॉटेलातला पितळी पेला, सगळ्याला आधी उलट्या हाताचा निसटता स्पर्श, मग सुलटा. गणपतीच्या देवळात घंटेलासुद्धा त्यांनी तसा हात लावलेला मी पाहिला आहे. मी एकदा त्यांची चेष्टा केली, तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "आवं मास्तर, तिचा धक्का बसला की मूठ वळती. सुलट्या हातानं धरलं तर मूठ सुटत न्हाई, मानूस तितंच चिकटतंय. उलटा हात असंल तर झटका बसून बाजूला तरी पडंल."

'ती' म्हणजे वीज. तिचं नाव ते घेत नसत. "ती आंधळी हाय," म्हणायचे. "तिला फकस्त मातीत जायाचं असतंय. तुमी वाट करून दिली तर गुमान जाती. न्हाई दिली तर तुमच्या अंगातनं जाती. तिचा काय राग न्हाई तुमच्यावर."

ही वाट म्हणजे तो खड्डा. हंडीची सपाट पाटी, तिला बांधलेली जाड तार, वर कोळसा आणि मिठाचे थर, आणि त्यावर माती. खड्डा सुकला तर काम देत नाही म्हणून रोज सकाळी ते तांब्याभर पाणी तिथे ओतायचे. खरं तर त्यांनी आधी मालकांकडे तांबं मागितलं होतं. ही बिल्डिंग जुनी, तिच्यात वीज नंतर कधीतरी आलेली. लाकडी पट्ट्यांवरून तारा ठोकलेल्या, बटणांना पितळी टोपणं, आणि जमिनीत गेलेली तार घरभर शोधून एक नाही. मालक म्हणाले, "दिवे लागतात की नाही? चांगलं तांबं मातीत घालू? त्यापेक्षा देवाला ताम्हन करीन." म्हणून या माणसाने आपल्या खोलीतली एकुलती हंडी घेतली. त्यांच्या खोलीत वीज कशाला होती, तर एका बल्बाला. त्यानंतर ते मातीच्या घागरीतलं पाणी प्यायचे.

शेजारच्या एका म्हातारीला वाटलं, हा माणूस रोज पाणी घालतो म्हणजे तिथे कुणीतरी देव असणार. तिने एक दिवस खड्ड्यावर हळदकुंकू वाहिलं आणि जास्वंदीचं फूल ठेवलं. वायरमननी ते पाहिलं आणि तिला एवढंच सांगितलं, "फूल चालंल आजी, पर पानी वता." म्हातारी इमानाने पाणी घालू लागली. बिल्डिंगीत त्यांचं ऐकणारी ती एकटीच.

बाकी त्यांचं बोलणं म्हणजे आम्हाला करमणूक होती. कुणी भेटलं की ते घरातलं लोखंड मोजायला लागायचे. नळ, खिडकीचे गज, बटणाची टोपणं, रेडिओचा पत्रा, सगळं एका तारेत बांधलं पाहिजे आणि ती तार खड्ड्यात गेली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. "समदी एका पातळीवर आली की त्यांच्यात तंटा न्हाई," म्हणायचे. "एकाला इकडं हात, दुसऱ्याला तिकडं हात, आन् मधी मानूस, तितं घात हुतो." दादा म्हणायचा, घरातल्या माणसांना एकत्र बांधता येईना, हा लोखंडाला बांधायला निघालाय. आम्ही हसायचो. बल्ब लागला म्हणजे काम संपलं, असं समजणाऱ्या गावात हा माणूस बल्ब लागल्यावर काम सुरू झालं असं समजत होता. त्यामुळे त्यांना कामंही फारशी मिळायची नाहीत.

मग मालकांनी रेडिओ घेतला.

मोठा, लाकडी खोक्याचा. दुकानातला मिस्त्री तो बसवून गेला. वर गच्चीवर तार ताणली, आणि एक तार जमिनीला जोडायची असते ती त्याने नळाच्या नळीला गुंडाळली. दुसरीकडे कुठे ते चाललंही असतं, कारण नळाची नळी जमिनीत जाते. आमच्याकडे जात नव्हती. आमचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं, टाकी गडी कावडीने भरायचा. टाकीतून निघालेली नळी माडीच्या फळ्यांमधून खाली आमच्या स्वयंपाकघरात उतरायची आणि भिंतीतच संपायची. तिचा मातीशी काही संबंध नव्हता. हे मिस्त्रीने पाहिलं नाही, मालकांनी पाहिलं नाही, आणि रोज त्या नळाखाली हात धुणाऱ्या शास्त्राच्या मास्तरनेही पाहिलं नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी वहिनींना नळाचा झटका बसू लागला.

आमच्या घरी सोवळं कडक होतं. वहिनी अंघोळ करून ओलेत्यानेच स्वयंपाकघरात यायच्या आणि स्वयंपाकाचं पाणी भरायच्या. शहाबादी फरशी, अनवाणी ओले पाय, अंगावरून निथळणारं लुगडं. नळाला हात लावला की त्या दचकायच्या. आधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग एकदा कळशी हातातून सुटली आणि आईला कळलं. आईने स्वतः जाऊन नळाला हात लावला, तिला काही झालं नाही. होणार कसं? तिचे गुडघे गार फरशीने धरायचे म्हणून ती नळाशीसुद्धा लाकडी पाटावर उभी राहायची, आणि तिचं सोवळं रेशमी आणि कोरडं असायचं. वर मालकांकडेही कुणाला काही होत नव्हतं, कारण माडीची जमीन फळ्यांची. दुपारी भांडी विसळताना वहिनींनाही काही व्हायचं नाही. फक्त सकाळी, ऐन सोवळ्याच्या वेळी, आणि फक्त त्यांनाच.

आईने यावरून निष्कर्ष काढला, की नळाला विटाळ खपत नाही. सुनेच्या सोवळ्यात काहीतरी खोट आहे, ती लपवते आहे, आणि नळ ते सांगतो आहे.

हे मी बनवून सांगत नाही. माझी आई निर्दय नव्हती, तिला पोथ्या वाचता येत होत्या, हिशेबात ती दादाला हार जायची नाही. तरी तिने हे मानलं आणि घराने तिचं ऐकलं. "वाईच्या घाटावर वाढलेली मुलगी," ती म्हणायची, "आणि हिला कुणी सोवळं शिकवलं नाही." झटका बसला की वहिनींना पुन्हा अंघोळीला पाठवायचं. त्या पुन्हा अंघोळ करून, आधीपेक्षा जास्त भिजून यायच्या, आणि झटका जास्त बसायचा. मग आईची खात्री आणखी पटायची. वहिनी रडायच्या नाहीत. नळाकडे जाताना पदर हाताला गुंडाळायच्या, तोही ओलाच असायचा. दादा म्हणायचा, महिनाभर वाईला पाठवू, तिथे तिची आई नीट शिकवेल. लग्नाला दोन वर्षं झालेल्या मुलीला शिकायला माहेरी परत पाठवणं म्हणजे काय, ते वाईसारख्या गावात वेगळं सांगावं लागत नाही.

वायरमनना हे म्हातारीकडून कळलं. त्यांनी मला अंगणात गाठलं. "कवा बसतोय झटका?" मी सांगितलं, सकाळी. "रेडू कवा लावत्यात मालक?" मी म्हणालो, सकाळीच. एवढं त्यांना पुरलं. थेट वर गेले आणि मालकांना म्हणाले, रेडिओ बघू द्या. मालकांनी जिन्यातच अडवलं. नव्या रेडिओला धनगराने हात लावायचा, ही कल्पनाच त्यांना सोसली नाही. मग ते आमच्या दाराशी आले. आई आतूनच म्हणाली, "स्वयंपाकघरात सोवळं आहे. बाहेरूनच काय ते सांगा." बाहेरून नळ बघता येत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. आईने तीनदा तेच उत्तर दिलं.

तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक बल्ब दिला. त्याला दोन तारा लावलेल्या होत्या. "मास्तर, तुमी घरचं, तुमाला आत चालतंय. सकाळी रेडू चालू असताना एक तार नळाला लावा. दुसरी खिडकीतनं भायेर सोडा, मी खड्ड्याच्या तारंला जोडतो. बल्ब पेटला की आईस्नी दावा. मंग मला काय बी बोलायची गरज न्हाई." आणि मग म्हणाले, "मिसरात आमच्या तळावर धुन्याच्या नळाला एक गडी असाच चिकटला हुता. आमच्याच गावचा. आदी चार दिस त्यो सांगत हुता, नळ चावतोय म्हून. समदी हसली त्येला."

मी म्हणालो, आता शाळेची घाई आहे, रविवारी बघतो.

रविवार यायला चार दिवस होते. मध्ये गुरुवार होता. गुरुवारी सकाळी वर रेडिओवर कुणीतरी भजन म्हणत होतं. वहिनींना एकदा झटका बसला होता, आईने त्यांना पुन्हा अंघोळीला पाठवलं होतं, त्या परत आल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होतो. कळशी पडल्याचा आवाज आला आणि मग आईची हाक. मी धावलो. वहिनी नळाशी उभ्या होत्या, मूठ नळावर आवळलेली, तोंडातून शब्द नाही, सगळं अंग थरथरत होतं. मी त्यांना धरायला हात पुढे केला.

"हात लावू नगा."

वायरमन अंगणातून बुटांनिशी आत आले होते. ओसरी, माजघर, देवघर, सगळं ओलांडून. वलणीवर आईची सोवळ्याची धाबळी होती, कुणाचा हात लागू नये म्हणून काठीने उंच टाकलेली. त्यांनी उडी मारून ती ओढली, ते कोरडं लोकरीचं कापड वहिनींच्या अंगाभोवती टाकलं आणि दोन्ही हातांनी त्यांना मागे खेचलं. मूठ सुटली. त्या फरशीवर बसल्या. तळहाताची कातडी पांढरी पडली होती. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

आईने विचारलेला पहिला प्रश्न मला अजून ऐकू येतो. ती म्हणाली, "धाबळी शिवलात?"

वायरमन तिच्याकडे बघून म्हणाले, "व्हय आई. आता इटाळलंच हाय समदं, तर काम उरकून घेतो." त्यांनी सगळ्या बिल्डिंगीचा मेन स्विच बंद केला, नळीला लोखंडी पट्टी आवळली, तिला जाड तार बांधली, तार खिडकीतून बाहेर काढून खड्ड्याच्या तारेला जोडली. खिडकीचे गजसुद्धा जाता जाता बांधले. मग मेन चालू केला. क्षणात वर फ्यूज उडाला आणि सुरू होऊ घातलेला रेडिओ गप्प झाला. याहून सरळ पुरावा कुणी देऊ शकत नाही. रेडिओच्या आतल्या तारेचं रबर झिजलं होतं, वीज त्याच्या पत्र्यात, पत्र्यातून नळात आणि नळातून आमच्या वहिनींमध्ये येत होती. आता तिला मातीत जायला वाट मिळाली होती.

मालक जिन्यावरून ओरडत उतरले. त्यांचा रेडिओ जळला होता. महिनाअखेर खोली मोकळी करायची, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "बरं," वायरमन म्हणाले. पुढे ते फलटणकडे साखर कारखान्यात लागले असं कुणीतरी म्हणालं, खरंखोटं मला माहीत नाही.

आणि आमच्या घरी काय झालं? त्याच दुपारी गोमूत्र आणलं. स्वयंपाकघर धुतलं, देव धुतले, धाबळी धुतली. धुवायला कोण, तर डाव्या हाताने वहिनी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओलेत्याने नळाला हात लावला आणि काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई शेजारच्या बायकांना सांगू लागली, की शुद्धी केली आणि नळ शांत झाला. म्हणजे मुळात विटाळ होताच. म्हणजे सून खोटंच बोलत होती.

मी संतापाने वायरमनकडे गेलो. म्हणालो, एक दिवस ती तार सोडा. मालकांना रेडिओ दुरुस्त करून लावू दे, आईला पुन्हा दिसू दे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "नळाला पयला हात कुनाचा लागंल मास्तर? तुमच्या आईचा का वैनींचा? मी जोडतो, सोडत न्हाई. माजं काम झालं. आईस्नी सांगायचं काम तुमचं. तुमी शिकलेलं हाय, तुमचं त्या ऐकतील. वैनींच्या अंगाला लागलेला बोल तुमी पुसा."

मी हो म्हणालो. त्या रात्री नाही, उद्या जेवताना सांगू, असं ठरवलं. जेवताना आईनेच विषय काढला: वाईला पत्र टाकलं आहे, सोमवारी पाठवू. वहिनी वाढत होत्या, हाताला फडकं बांधलेलं. त्या माझ्या पानाशी थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भावजी, तुम्ही शाळेत मुलांना हेच शिकवता ना? आज जरा आईंना सांगा की."

आईने वर पाहिलं. दादाने घास खाली ठेवला. मला सगळं येत होतं. तांबं, रबर, ओली फरशी, कोरडा पाट, एकेक गोष्ट मी फळ्यावर काढून दाखवली असती. मी म्हणालो, "वहिनी, आधी भात वाढा."

त्यांनी वाढला.

मालकांवर मी आजवर खूप बोललो आहे. आईवरही बोललो, ती गेल्यावर. पण मालक अडाणी होते आणि आई घाबरलेली होती. मी या दोन्हींपैकी काही नव्हतो.

सोमवारी दारात टांगा आला. दादा मोटारस्टँडपर्यंत जाणार होता. वहिनी मागे बसल्या. वायरमन खोलीतून आले, ट्रंकेच्या कडीला आधी उलटा हात लावला आणि मग ती उचलून टांग्यात ठेवली. त्यांना वाटलं होतं, वहिनी हाताला आराम पडावा म्हणून माहेरी निघाल्या आहेत. "बरं केलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, "मास्तर, आईस्नी समदं सांगितलं न्हवं?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

टांग्यात बसलेल्या वहिनींनी ते ऐकलं.